गुहेतलं उत्तर

मी चार वाट्यांत चिवडा काढून ठेवला. नव्या कार्टून मालिकेचा पहिला भाग पाचला लागणार होता आणि त्यातल्या उल्काचा आवाज चक्क माझा होता! नव्या शाळेतल्या माझ्या बाकाजवळच्या तिघींना मी घरी बोलावलं होतं. "येतो की गं!" असं म्हणाल्या होत्या. पाच वाजले, पण बेल काही वाजली नाही.

मी एकटीच टीव्हीसमोर बसले. उल्का अंधाऱ्या गुहेच्या तोंडाशी उभी राहून ओरडली, "कोणी आहे का?"

कार्टूनमध्ये आवाज आधी घेतात आणि चित्रं नंतर काढतात. आवाजही प्रत्येकाचा वेगळ्या दिवशी. स्टुडिओतल्या बंद खोलीत मी ते वाक्य एकटीनेच म्हटलं, तेव्हा काचेपलीकडचे काका म्हणाले होते, "आता जरा गप्प राहा हं बाळा, इथे ड्रॅगन बोलेल." मी नुसती माइककडे बघत राहिले होते.

आज तिथेच एक म्हातारा, खरखरीत आवाज आला. "आहे ना, पोरी. कधीची वाट बघतोय तुझी."

माझ्या अंगावर काटाच आला! पुढचं वाक्य पाठच होतं. उल्काबरोबर मीही ओरडले, "मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

भाग संपला आणि हॉस्पिटलमधून आईचा फोन आला. "ड्यूटी सोडता आली नाही गं. कोणी आलं का?"

तीन वाट्या तशाच भरलेल्या होत्या.

"आला ना," मी म्हणाले. "उशिरा आला, पण आला."