पांढरी नाव

सुन्निवानं त्याच्यासाठी अगदी पुढे खुर्ची मांडली होती, तरी आयलिफ टोर्विक बसला नाही. नाक मुरडायला उभं राहिलेलंच बरं पडतं.

"आयलिफकाका, आज तरी चांगलं बोला हं," ती जाता जाता म्हणाली.

"चांगलं असलं तर बोलेन."

या फ्योर्डच्या, डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या काठी साठ वर्षं त्यानं नावा बांधल्या होत्या. ही पोरगी त्याच्याच हाताखाली शिकली. त्यानं काम सोडल्यावर तिनं स्वतःची गोदी थाटली आणि दोन हिवाळे दारं लावून या एका नावेपाशी बसली. त्यालासुद्धा आत फिरकू दिलं नाही. लाज वाटावी असं काम असल्याशिवाय कोण दारं लावतं?

आज पाण्यात सोडायची म्हणून नाव उतारावर उभी होती, ताज्या पांढऱ्या रंगात. अख्खं गाव कॉफीचे पेले घेऊन जमलं होतं. निळ्या स्वेटरातला एक परका तरुण शेजारी येऊन उभा राहिला.

"तुम्हाला यातलं कळतं वाटतं, आजोबा?"

"थोडंफार."

"मी बर्गनहून आलोय. ही नाव विकत घ्यायचा विचार आहे."

आयलिफनं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ही? अहो, हिचं नाक बघा, खांबासारखं सरळसोट. लाट कापणार नाही, लाटेवर आपटणार. पोट बघा, गाभण गाईसारखं. आणि फळ्या किती अरुंद! लाकूड निवडायची अक्कल नसली की असं ठिगळकाम होतं."

"रंग मात्र छान आहे."

"तोंड वाईट असलं की पावडर थापतात."

तेवढ्यात सुन्निवानं हातोड्यानं शेवटची पाचर उडवली. नाव करकरली, हलली आणि सरसर उतरून पाण्यात शिरली. टाळ्या पडल्या. जराही न कलता ती तरंगत राहिली. आयलिफच्या छातीत क्षणभर काहीतरी हललं. त्यानं खाकरून ते गिळून टाकलं.

"तरंगली की!" तरुण म्हणाला.

"घमेलंही तरंगतं. ज्यानं कुणी ही बांधली, त्याच्याकडून मी डुकरांच्या पाण्याची कुंडीसुद्धा करून घेतली नसती."

तरुणानं नावेकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तो सुन्निवाकडे गेला. ती हातवारे करून काहीतरी समजावत होती, तो मान हलवत होता. बघता बघता तिचा चेहरा उतरला. आयलिफला बरं वाटलं. आता तरी पोरगी शिकेल.

तरुण परत आला आणि त्यानं आयलिफचा हात दोन्ही हातांत धरला.

"फार उपकार झाले, आजोबा. फसलो असतो. त्या बाई अजून शपथेवर सांगताहेत, आपण नुसती डागडुजी केली, नाव मूळची आयलिफ टोर्विकच्या हातची आहे म्हणून."