डिकी लागत नाही

शीलाताईंनी डिकी पुन्हा आपटली. ती क्षणभर बसली आणि पुन्हा टुणकन वर आली.

डोंबिवलीच्या त्या सोसायटीत कुणी गाडी उघडून उभं राहिलं की सल्लागार मंडळ आपोआप भरतं. कुणी तेल घालायला सांगत होतं, कुणी साबण चोळायला. दुसऱ्या मजल्यावरचा सिद्धेश हातोडी घेऊनच आला.

"काकू, लॉक जाम झालंय. दोन ठोके मारले की बसेल."

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून शीलाताईंचे यजमान तानाजीराव हे सगळं बघत होते. गाडी त्यांची. जुनी, पण दुरुस्ती ते स्वतःच करायचे; मेकॅनिकचा हात तिला क्वचितच लागलेला. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मात्र ते जिना उतरले नव्हते. पाय सावरला होता. उजवा हात कमजोर होता, शब्द अडखळत होते, ओठ जरा वाकडा झाला होता, आणि तेवढं लोकांनी बघू नये म्हणून ते घरात बसून होते. पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचे. हा माणूस असाच खुर्चीत बसून संपणार, या भीतीने शीलाताईंची झोप उडाली होती.

सिद्धेशने हातोडी उचलली. गॅलरीतली खुर्ची करकरली. थोड्या वेळाने जिन्यात कठड्याला धरून उतरणारी पावलं वाजली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"हात... हात काढ!" तानाजीराव ओरडले. "लॉक... चांगलंय. खालची... कडी... सरकलीय, गाढवा!"

कुणी हसलं नाही. सगळे खाली वाकून कडी शोधू लागले. तानाजीरावांना पाना धरवेना, म्हणून ते स्टुलावर बसून बोट दाखवत गेले आणि सिद्धेशने कडी सरकवून बोल्ट आवळले. डिकी खट्‌कन लागली. "वा काका!" मंडळी म्हणाली. त्या दिवशी तानाजीराव दोन पोळ्या जास्त जेवले.

पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गॅलरीत. "झालं ना... काम," म्हणाले. "आता कशाला... खाली?"

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघताना शीलाताईंनी पाना पिशवीत टाकला आणि जाता जाता कडीचे बोल्ट सैल केले. पहिल्या वेळीही त्यांनीच केले होते.

"अहो, परत लागत नाहीये हो डिकी," त्या साळसूदपणे म्हणाल्या.

"कसं... आवळतात हे लोक!" तानाजीराव कुरकुरत उतरले. मग हे वरचेवर होऊ लागलं. डिकी दुरुस्त व्हायची, एक-दोन दिवस नीट चालायची, पुन्हा बिघडायची. त्या निमित्ताने गप्पा व्हायच्या, खालीच चहा यायचा. तानाजीराव आता दुसऱ्यांच्या स्कूटरनाही नावं ठेवू लागले होते, आणि भांडताना तर त्यांचे शब्द फारसे अडखळतही नव्हते. शीलाताईंना आपल्या लबाडीची लाज वाटायची, पण सोडवत नव्हती.

एका सकाळी त्या आंघोळ करून आल्या, तर पिशवीत पाना नव्हता. सगळं स्वयंपाकघर धुंडाळलं. शेवटी तशाच खाली गेल्या. डिकी सताड उघडी होती. कडीचे दोन्ही बोल्ट कुणीतरी आधीच सैल केले होते.

आपली चोरी सापडली, या धास्तीने त्या धापा टाकत वर आल्या. तानाजीराव दाढी करून, बूट घालून चहा पीत बसले होते.

"अगं, डिकी परत बिघडली वाटतं," ते म्हणाले. "जाऊन बघायला हवं."

शीलाताई काही बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांचं लक्ष नवऱ्याच्या उजव्या हाताकडे गेलं. त्याची पाचही बोटं ग्रीसने काळी झाली होती.