पाचवा पत्ता

स्फाक्स शहरातल्या ऑलिव्हतेलाच्या पेढीतले चारही कॉम्प्युटर पुन्हा एकमेकांशी बोलू लागले, तशी नेटवर्क दुरुस्त करायला आलेली सिहेम खूश झाली. एकाचा सबनेट मास्क, म्हणजे नेटवर्कची एक सेटिंग, चुकला होता, एवढंच.

"पोरी, हात आहेत की जादू!" मालक हेदीकाकांनी पुदिन्याचा चहा पुढे केला.

जाता जाता तिनं लॅपटॉपवरून सगळ्या आयपी पत्त्यांना, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राच्या क्रमांकाला, हाक दिली. तिचा स्वतःचा लॅपटॉप सोडून उत्तरं पाच आली.

"काका, पाचवा कुठे लपवलात?"

"माझ्या टकलाखाली!"

हसत हसत तिनं एकेक केबल उपटली. चौघे गप्प झाले. पाचवा उत्तर देतच राहिला, दर वेळी आधीपेक्षा लवकर.

मग तिनं स्वतःच्या लॅपटॉपचीही केबल काढली. वायफाय तिथं नव्हतंच.

"आता बोल बाबा," म्हणत तिनं बोट उचललं. ते एंटरच्या बटणावर टेकायच्या आधीच उत्तर आलं.