आखूड दस्ता

"ही घ्या, अण्णा. वापरलेली आहे, पण सेमी-ऑटोमॅटिक. निम्मा धक्का स्वतःच गिळते," बंदुकीच्या दुकानातले परुळेकर म्हणाले. मी खांद्याला लावून पाहिली. बरी वाटली.

"एवढे धिप्पाड तुम्ही, आणि धक्क्याला भिता?"

"घरच्या दुनळी बंदुकीनं खांदा काळानिळा होतो. आता बार उडायच्या आधीच डोळे मिटतात."

"मग डुकरं तुमच्यासमोर बसून भुईमूग खात असतील!"

खातच होती. शेताची राखण बायको करायची. तिचा नेम सहसा चुकत नसे. ती गेली आणि परवाना माझ्या नावावर झाला.

मी सोबत आणलेली दुनळी परुळेकरांनी उचलून पाहिली. "दस्ता कापून आखूड केलाय. तुमच्या लांब हातांना ही मारणारच. मागे लाकूड जोडून देतो. दुसरी बंदूक घेऊच नका."

दस्ता मीच कापला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी, तिच्या हाताचं माप घेऊन.

"जोडला की तुमच्या मापाची होईल," ते म्हणाले.

"म्हणूनच नको. सेमी-ऑटोमॅटिक द्या. ही आहे तशीच घरी नेतो."