टॅन्सीचा डबा

चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दत्तक मुलांच्या आया जमत. एका गुरुवारी टॅन्सीला नुकतंच दत्तक घेतलेली मेरिन रडकुंडीला आली. "टॅन्सीच्या उशीखाली पुन्हा टोस्ट सापडला. मला नाही जमत आईपण." गटातली सर्वांत जुनी बेरिलआजी चहा ओतताना हसली. "माझ्या थोरलीने तर पियानोत सॉसेज लपवलेले! उपाशी राहिलेलं पोर साठवणारच गं. तिला तिचा डबा दे, तो रिकामा होऊ देऊ नकोस." मेरिनने त्याच संध्याकाळी ओट्स-खोबऱ्याची अँझॅक बिस्किटं भाजली आणि डबा सहा वर्षांच्या टॅन्सीपुढे ठेवला. "हा तुझा. विचारायचं नाही. संपला की मी भरीन." डबा रोज रिकामा व्हायचा, उशीखाली चुराही सापडायचा. मेरिन निमूट भरत राहिली. जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ती तापाने फणफणली. दुपारी डोळे उघडले, तर डबा तिच्या उशाशी आणि टॅन्सी दारात. "विचारायचं नाही हं," टॅन्सीने बजावलं. "आणि तुझ्या उशीखाली दोन जास्तीची ठेवलीत."