आजाऱ्याने आणलेला खाऊ

एकविसाव्या टेबलावर सफरचंदाचा केक ठेवताना हेमिशला आठवलं, की गेले तीन दिवस आपण तापाने फणफणलेले होतो.

तो जागच्या जागी थिजला. सकाळचे साडेसात वाजले होते. शिक्षकखोलीत चिटपाखरू नव्हतं. पंखा तेवढा मान हलवत होता, नाही-नाही म्हणत. प्रत्येक टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात एकेक केक, आणि प्रत्येक वेष्टनावर डोळे वटारलेला, कागदी कंदिलातला राक्षस. राक्षसाखाली ठळक अक्षरांत गावाचं नाव: आओमोरी. हेमिशची खोली शाळेपासून आठ मिनिटांवर होती. आओमोरी चार तासांवर.

तो मूळचा टास्मानियाचा. चार वर्षांपूर्वी या जपानी शाळेत इंग्रजी शिकवायला आला, तेव्हा दोन दिवस कुठे जाऊन आलेला माणूस सगळ्यांना खाऊ का वाटतो, हे त्याला कळत नसे. आता खाऊ न घेता परतीच्या गाडीत चढणं त्याला विजार न घालता चढण्यासारखं वाटे. फलाटावरच्या दुकानात हात आपोआप खिशात गेला होता. चोवीसचं खोकं, वर लाल फीत. एखादा देश माणसाच्या अंगात मुरतो, तो असा. आणि वर येतो, तो नेमका नको तेव्हा.

ऑगस्टमध्ये मुलं घरी असतात. इतर शिक्षकांना पोहण्याचे वर्ग असतात, शिबिरं असतात. इंग्रजीच्या परदेशी शिक्षकाला खुर्ची असते. सकाळी आठ ते सव्वाचार त्याने ती अडवायची. नवव्या दिवसापर्यंत आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना हेमिशला पाठ झाल्या होत्या. वर्षाची रजा वसंतात बहिणीच्या लग्नात संपली होती. दहाव्या दिवशी त्याने शाळेत फोन केला, दोनदा खोकला आणि उत्तरेची गाडी पकडली. आओमोरीच्या उत्सवात तो दोन रात्री कंदिलांच्या रथांपुढे गर्दीबरोबर ओरडत, उड्या मारत होता. पोटऱ्या अजून भरलेल्या होत्या.

त्याचा करार मार्चमध्ये संपत होता. तो वाढवायची शिफारस उपमुख्याध्यापक आकुत्सु करणार होते. शिफारस नाही तर व्हिसा नाही. व्हिसा नाही तर बहिणीच्या नव्या नवऱ्याचं टायरचं दुकान. आणि “खोट्या आजाराला औषध नाही,” हे वाक्य आकुत्सु दर महिन्याच्या बैठकीत न चुकता ऐकवत.

हेमिशने उलट्या टोकापासून केक गोळा करायला सुरुवात केली. नऊ केक खिशात गेले आणि दार सरकलं.

“अरे देवा, उठून आलात कशाला?” कार्यालयातल्या हानावाबाई चपला बदलत म्हणाल्या. “काल पेज घेऊन आले होते तुमच्याकडे. दार वाजवून वाजवून हात दुखला. म्हटलं, झोपू दे बापड्याला.”

“गाढ झोप लागली होती.”

“लंगडताय किती!”

“अशक्तपणा.”

“आणि नाक सोललंय ते?”

“ताप,” हेमिश म्हणाला.

हानावाबाईंनी त्याच्या फुगलेल्या खिशांकडे पाहिलं. मग चहा ठेवायला आत गेल्या, आणि त्या वळल्या तोवर आकुत्सु दारात उभे होते.

आकुत्सुही तीन दिवस बाहेर होते. शिक्षणखात्याच्या प्रशिक्षणाला, सेंदाईला. कालच परतले होते. घसा पार बसलेला. प्रशिक्षणात फार बोलावं लागलं म्हणे. टेबलांचा आधार घेत घेत ते आपल्या जागेपाशी पोहोचले. पहिला केक हेमिशने मानाप्रमाणे तिथेच ठेवला होता.

आकुत्सुंनी केक उचलला. चष्मा कपाळावर सरकवला. राक्षस पाहिला, गावाचं नाव वाचलं, मागे उलटवून त्यात साखर किती तेही वाचलं.

“हेमिश-सेन्सेई. जरा इकडे.”

हेमिश गेला. वाटेत खिशातला एक केक खाली पडला. तो उचलण्यात आता अर्थ नव्हता.

“ताप कसा आहे?”

“उतरला.”

“कुठे? आओमोरीला?”

हेमिशने मान खाली घातली. चार वर्षांत तो माफी मागायच्या अकरा तऱ्हा शिकला होता. ही त्यातली बिनशब्दांची होती. टेबलावरच्या फायलीतून त्याच्या नावाचा शिफारशीचा कागद डोकावत होता. शिक्क्याची जागा कोरी होती.

आकुत्सुंनी चहाच्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग “आई गं” म्हणत, पोटरी धरून ते वाकले आणि त्यांनी सगळ्यात खालचा खण ओढला.

आत चोवीसचं खोकं होतं. लाल फीत अजून सुटलेली नव्हती. वरून तोच राक्षस डोळे वटारून हेमिशकडे बघत होता.

“कालपासून पडलंय,” आकुत्सु कुजबुजले. तेवढाच आवाज शिल्लक होता. “सवयीने घेतलं हो. सेंदाईच्या प्रशिक्षणातून आओमोरीचा खाऊ कसा वाटणार? आणि टाकूनही देववत नाही.”

हेमिशची नजर खोक्यावरून आकुत्सुंच्या पोटरीकडे गेली. मग हेमिशने चार दिवसांत पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला. आकुत्सुंनीही घेतला. त्यांनी फाइल उघडली, शिफारशीच्या कागदावर शिक्का दाबला, शाईवर फुंकर घातली आणि खोकं हेमिशच्या हातात दिलं.

“दोन्ही तुम्हीच वाटा. आजाऱ्याला बघायला मित्र आला होता, त्याने आणलं म्हणून सांगा.”

“एका मित्राने दोन खोकी?”

आकुत्सुंनी क्षणभर विचार केला.

“ताप मोठा होता.”