पापलेटाचे डोहाळे
सरकारी प्रयोगशाळेतून कुवेतमधल्या अबू हलीफाला, घरी परतल्यावर ह्यांनी बूटही न काढता सांगितलं, "केली सही." इथल्या माशांत पारा सापडल्याचा ह्यांचा अहवाल वरच्यांनी दाबला आणि मासे निर्धोक असल्याचा नवा सहीला पाठवला. सही केली नसती, तर नोकरी आणि इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, दोन्ही गेले असते. "बाहेर बोलू नकोस," हेही सांगून झालं. चहा ठेवला, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वीणाचा फोन आला. "काकू, मासे निर्धोक असल्याची बातमी आत्ताच वाचली. डोहाळे लागलेत, पापलेट आणू ना आता?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. "आमच्याकडे श्रावण आहे, बाई," मी म्हटलं. ती हसली. "फेब्रुवारीत कसला श्रावण?" "आमचा लागलाय. बाळ होईपर्यंत तूही पाळ." ती हळूच म्हणाली, "पाळते." फोन ठेवला, तेव्हा हे बूट काढत होते.